संगणकाच्या घरातील लग्नचौक

माणसाच्या रोजच्या संसाराचीच प्रतिकृती खेळ म्हणून मांडणाऱ्या संगणकीय खेळांचा जो परिवार गेल्या पाव शतकात विस्तारला, त्याचा मूळपुरुष म्हणजे विल राइट या अमेरिकन रचनाकाराने २००० साली बाजारात आणलेला ‘द सिम्स’. यातील पात्रे खेळणाऱ्याने हुकूम सोडला नाही तरी आपण होऊन जेवतात, निजतात, गप्पा मारतात. आणि याचे मर्म पात्रांच्या बुद्धीत शोधू गेल्यास हाती काहीच लागत नाही, कारण ती बुद्धी घरातील जिनसांच्या पदरी बांधलेली असते. प्रत्येक वस्तू ‘मी तुझी भूक इतकी भागवीन’, ‘मी तुझा शीण इतका घालवीन’ अशी दवंडी अखंड पिटीत असते. पात्राच्या ठायी भूक, झोप, स्वच्छता, करमणूक अशा आठ गरजांचे आकडे घटत असतात. आणि जिची दवंडी त्या घटकेच्या निकडीशी जुळते व जी जवळ असते, त्या वस्तूकडे त्याची पावले वळतात. युक्ती म्हणून ही रचना अप्रतिम आहे, यात शंका नाही.

मात्र परमुलूख या खेळात शिरतो तोही जिनसांच्या रूपानेच. ‘सिम्स ४’मध्ये २०२० साली जपानी धर्तीचा डोंगर आला, २०२१ साली मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेले कपडे आले, २०२३ साली आग्नेय आशियाई वळणाचे नगर आले. मांडणी देखणी, परंतु वस्तू आली म्हणजे संस्कृती आली, हे गृहीतक मला मान्य नाही.

पालघर जिल्ह्यातील वारली घराला हीच तजवीज लावून पाहावी. खेळात चित्र विकत घ्यावयाचे, भिंतीवर टांगावयाचे, की खोलीच्या शोभेचा आकडा वाढतो. वारल्यांचा लग्नचौक कोणाची खोली शोभिवंत करण्यासाठी लिहिलेला नसतो. कुडाची भिंत सारवून तिच्यावर गेरू चढवावयाचा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीने सुवासिनींनी चौकोन आखावयाचा, त्यात पालघाट देवीची स्थापना व्हावयाची आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या पुरोहित स्त्रीने, विधीची गाणी म्हणावयाची. इतके घडल्यावाचून लग्न लागत नाही, आणि पुढे भिंत पुन्हा सारवली की चौक खुशाल मिटून जातो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात हीच रेषा विधीबाहेर काढून कागदावर नेली, २०११ साली ते पद्मश्री झाले, आणि त्या कागदी चित्राला टांगून घेण्यात काहीच कमीपणा नाही. परंतु जो खेळ चित्राचा नसून जगण्याचा आहे असे सांगतो, त्याने चौक वस्तूंच्या यादीत न घालता लग्नाच्या अटींत घातला पाहिजे. कोणी लिहावा, केव्हा लिहावा, तो नसता काय अडते, एवढ्या तीन अटी आज्ञावलीत नोंदविणे संगणकास मुळीच जड नाही.

तारपा या वाद्यावर होणाऱ्या वारली नाचाचे काम याहून कठीण. तेथे वादक मध्ये असतो, नाचणारी साखळी त्याच्याकडे पाठ न करता फिरते आणि सूर बदलला की दिशा बदलते. ज्याने त्याने आपापली गरज पाहून हालचाल करावी, या तत्त्वावर उभारलेली पात्रे असल्या साखळीत टिकावयाची नाहीत. एकाच्या सुराला सर्वांनी रुजू होण्याची निराळी व्यवस्था तेथे लिहावी लागेल.

विधी सोडून रोजचा संसार घेतला तरी खेळाचा साचा अपुराच पडतो. बोईसरच्या चाळीत तीन पाळ्यांचे कामगार राहतात, त्यांची झोप घड्याळाप्रमाणे न घटता पाळीप्रमाणे घटते. आणि डहाणू-जव्हारकडचे कुटुंब भातकापणीनंतर वीटभट्टीवर जाते तेव्हा घरच काही महिने बंद असते. खेळात घर विकण्याची मुभा आहे, भूसंपादनाची नोटीस मात्र कोणाच्या दारी येत नाही. त्यामुळे तारापूर अणुवीज प्रकल्पाच्या विस्तारापायी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले, ती कैफियत त्यात कोठे मावावी?

हल्ली आपल्याकडील तरुणही असे खेळ रचू लागले आहेत. त्यांना एवढीच विनंती, की भिंतीची छायाचित्रे जमविण्याआधी एखाद्या धवलेरीजवळ बसून विधीचा क्रम लिहून घ्यावा, तिला त्याचा रीतसर मोबदला द्यावा आणि खेळाच्या श्रेयनामावलीत तिचे नाव रचनाकारांच्या रांगेत घालावे.