वसंतातली बाग : आधी कागदावर, मग मातीत

वसंत म्हटला की आपल्याला कोकीळ, कैऱ्या आणि फुललेला पळस आठवतो. त्याच भरात नर्सरीतून चार रोपं आणून अंगणात लावावीशी वाटतात. पण जरा थांबा! आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, म्हणजेच एप्रिल-मेचा रखरखाट. थंड देशांत तेव्हा जमीन ओली असते, म्हणून तिथे वसंतात लागवड होते. आपल्याकडे लागवडीचा खरा मुहूर्त मृगाचा. मग वसंतात करायचं काय? तर प्लॅनिंग. आणि हे काम आपल्याशिवाय कोण चांगलं करणार?

पहिली पायरी सर्व्हेची. टेप घेऊन अंगण मोजा. घर, नळ, गेट, सेप्टिक टँक सगळं कागदावर मांडा. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन उतार तपासा. पावसाचं पाणी जोत्यापासून लांब गेलं पाहिजे. मग सावलीचा अभ्यास. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश. त्यामुळे डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो आणि ६ मीटर उंच घराची सावली उत्तरेला जवळजवळ साडेपाच मीटर पडते. मे महिन्यात तोच सूर्य थेट डोक्यावर! म्हणजे आज ऊन दिसतं तिथे हिवाळ्यात ते असेलच असं नाही. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीला तापवतं, म्हणून सावलीचं झाड त्या बाजूला हवं. पण भिंतीला खेटून नको. वड, पिंपळ, उंबर यांना तर लहान अंगणात जागाच देऊ नका.

दुसरी पायरी पाण्याच्या हिशोबाची. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर २० बाय २० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटरच्या लॉनला रोज १८५ लिटर झाले. १५ लिटरच्या बारा बादल्या! टँकरच्या दिवसांत हे परवडेल का? त्यापेक्षा मोरीचं पाणी केळी, अळू आणि कर्दळीकडे वळवण्याची आजीची पद्धत कितीतरी शहाणपणाची. नव्या रोपाशेजारी कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलं की पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळतं. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरला की ओल टिकते. पाचोळा मात्र खोडाला चिकटू देऊ नका.

तिसरी पायरी खड्ड्यांची. लिंबू-पेरूला दोन-दोन फुटांचा आणि आंब्याला एक-एक मीटरचा खड्डा एप्रिल-मेमध्येच खणा. वरची सुपीक माती वेगळी ठेवा. उन्हात खड्डा पंधरा-वीस दिवस तापला की किडी आणि बुरशी बऱ्याच कमी होतात. खड्ड्यात पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही ते तसंच उभं असेल तर तिथे निचरा नाही, जागा बदला. पावसाआधी वरची माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून खड्डा भरा आणि चांगला पाऊस झाल्यावर रोप लावा.

आता एक धोक्याची सूचना. "कटकट नको, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून टाकू," असं घरात कुणीतरी म्हणणारच. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५० चौरस मीटर अंगणावर ३५,००० लिटर पाणी पडतं. फरशी घातली की त्यातलं बहुतेक रस्त्यावर जातं, आणि मे महिन्यात आपण बोअरला नावं ठेवतो. गाडीपुरती आणि चालण्यापुरती फरशी घाला, बाकी जमीन उघडी राहू द्या.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा शेवटी. सुट्टीत आपण उत्साहाने झाडं लावतो आणि कॉलेज उघडलं की हॉस्टेलला पळतो. पुढच्या उन्हाळ्यात, आपल्या परीक्षेच्या वेळी, बादल्या उचलते ती आई. तेव्हा प्लॅनच्या कोपऱ्यात स्केल आणि उत्तर दिशा लिहाल, तसंच एक वाक्य लिहा : 'मे महिन्यात पाणी कोण घालणार, आणि किती बादल्या?' उत्तर देताना आईला विचारा. ती म्हणेल तेवढीच झाडं लावा. पाच लावा, पण पाचही जगवा!