दरीच्या कडेची कच्ची वाट : पनवेल ते राजमाची

पनवेलच्या खाडीत एके काळी मुंबईहून मचवे येत, आणि पुण्याकडे जाणारा उतारू तेथे पाय उतार होऊन पुढील प्रवासाची तजवीज करी. पालखी, घोडा किंवा ओझ्याचे बैल ठरवावयाचे आणि बोरघाटाच्या रोखाने निघावयाचे, असा क्रम होता. गावात गाड्यांची चाके करणाऱ्यांचा धंदा जोरात चाले. देशावरून घाट उतरून आलेला गाडीवान परतताना येथील चाके विकत घेऊन जाई, असा पनवेलचा लौकिक होता. चाकांना एवढी मागणी का असावी, हे घाटातील दगडावरून चाक गेलेले ज्याने पाहिले असेल, त्याला निराळे सांगावयास नको.

आज पनवेलजवळच्या कळंबोलीहून सुरू होणारा द्रुतगती मार्ग मोटारीला तासाभरात घाटमाथ्यावर नेऊन सोडतो. २००२ साली तो पुरा झाला. त्यावरून जाताना आपण एक प्रचंड दरी चढून आलो, याची जाणीव पुष्कळांना होतही नाही. ज्यांना ती जाणीव हवी असते असे लोक लोणावळ्यास उतरून तुंगार्ली तलावाच्या बाजूने राजमाचीची वाट धरतात. राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या उधेवाडीपर्यंतचे हे सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरचे अंतर मातीच्या वाटेसाठी प्रसिद्धी पावलेले आहे. अंतर ऐकून हसू येते. परंतु कच्च्या वाटेची मोजणी मैलांत करू नये, तासांत करावी.

अशा वाटेचे मर्म समजावयाचे तर खुद्द बोरघाटाची हकिकत आधी पाहणे सोयीचे, कारण हा राजमार्गही प्रथम कच्ची वाटच होता. सन १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्ली याने तोफा वर नेता याव्यात म्हणून घाटातील वाट सुधारून घेतली. तोफ ओढण्यापुरती वाट आणि व्यापाराच्या गाड्यांची वाट यांत फार अंतर असते. १८२५ साली बिशप हेबर मुंबईहून पुण्यास गेला, तेव्हाही चढ इतका उभा होता की, भरलेली गाडी वर नेणे महाकठीण, असाच त्याचा अभिप्राय पडला. पुढे पाच वर्षांनी, १० नोव्हेंबर १८३० रोजी, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने चाकाच्या गाड्यांना योग्य असा रस्ता खुला केला. १८६३ साली घाटातून आगगाडी वर गेली. घाटातील ज्या जुन्या पुलाला एका जाहिरातीच्या फलकावरून लोक 'अमृतांजन पूल' म्हणू लागले होते, तो एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला.

खोपोलीकडून जुन्या रस्त्याने चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. घाटातून मार्ग कोठून काढावा हे गोऱ्या साहेबाला उमगेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या गुराढोरांची वाट त्याला दाखविली, आणि त्या उपकाराची फेड साहेबाने गोळीने केली, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री तिला आधार असो वा नसो, तिच्यातील एक गोष्ट मात्र खरी आहे. डोंगरातील बहुतेक रस्ते इंजिनिअराच्या आधी जनावरांनी आणि गुराख्यांनी आखलेले असतात. अमेरिकेतील यूटा प्रांताच्या वाळवंटी दऱ्यांत शेफर ट्रेल नावाची मोटारवाट आहे. आधी तेथील मूळ रहिवाशांची पायवाट, नंतर गुरे खाली उतरविण्याची वाट, आणि १९५० नंतरच्या दशकात युरेनियमचे खनिज वाहणाऱ्या ट्रकांसाठी रुंद केलेला रस्ता, असा तिचा वंशवृक्ष आहे. आता तिच्यावरून हौशी प्रवासी जातात. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत टायटस कॅन्यनची वाट १९२६ साली लेडफील्ड या खाणगावासाठी खणली गेली. खाणीत पैसा नव्हता, गाव पुढल्याच वर्षी ओस पडले, वाट मात्र राहिली. रस्ता ज्यासाठी केला ते काम संपते आणि रस्ता दुसऱ्याच कोणाच्या कामी येतो, असा प्रकार तोफांच्या वाटेपासून आजवर चालत आलेला आहे.

आता या दोन प्रदेशांत साम्य ते कोणते? डेथ व्हॅलीत वर्षाला पाऊस जेमतेम दोन इंच. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर दीडशे इंचांहून अधिक, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. एक दरी रखरखीत, दुसरी हिरवीगार. तथापि दोहोंचा शिल्पकार एकच, तो म्हणजे पाणी. वाळवंटात पाऊस क्वचित येतो, पण येतो तेव्हा उघड्या खडकावरून सगळाच्या सगळा वाहून जातो. जमीन तो पिऊन घेत नाही. सह्याद्रीत पाऊस नेमाने येतो, परंतु उतार इतके उभे की परिणाम तोच. म्हणून दोन्हीकडे, आकाश डोक्यावर निरभ्र असताना दूरच्या माथ्यावर पडलेल्या सरीचे पाणी ओढ्याला अवचित लोंढा आणते. दोन्हीकडचे जाणते लोक ओढ्याच्या पात्रात मोटार उभी करून फराळास बसत नाहीत.

सह्याद्रीचा दगड मात्र वेगळा. यूटाच्या दऱ्या मुख्यतः वाळूच्या आणि गाळाच्या खडकांत कोरलेल्या आहेत. येथील काळा पाषाण म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर होत. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द जिन्याला असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. कठीण थर भिंतीसारखा उभा राहतो. मधला मऊ, तांबूस थर झिजून मागे सरतो आणि पायरी तयार होते. गडाच्या वर्णनात जिला 'माची' म्हणतात, ती बहुधा अशीच निसर्गाने घडविलेली पायरी. राजमाची हे नाव त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. माचीवर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले असून श्रीवर्धनाची उंची सुमारे तीन हजार फूट भरते. याच डोंगरात उल्हास नदीचा उगम आहे, आणि तिने उत्तरेकडे कोरून काढलेली दरी वाटेवरून कित्येक ठिकाणी एकदम पायाखाली उघडते.

वाट शक्य तोवर पायरीच्या सपाटीवरून जाते. एका पायरीवरून दुसरीवर जाण्याची वेळ आली, की तीव्र चढ किंवा उतार येतो. आणि दोन पायऱ्यांच्या मधून ओढे आडवे येतात. मोटार हाकणाऱ्याची परीक्षा होते ती याच दोन जागी.

चढणीविषयी प्रथम. खालच्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीने चढावे. मध्येच गिअर बदलण्याच्या नादात वेग मोडला, तर मागची चाके मुरमात फिरत राहतात आणि मोटार आडवी सरकते. पुष्कळ जण घाबरून क्लच अर्धवट दाबून धरतात. त्याने चढ चढला जात नाही, क्लचच्या तबकड्या तेवढ्या जळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेल्या जीप गाडीचे मोल अशा ठिकाणी कळते. तिची चारही चाके जमीन ओढतात आणि पोटाखाली मोकळी जागा पुष्कळ असते. साध्या मोटारीचे पोट दगडावर टेकले, की खालची तेलाची टाकी फुटण्याचे भय. तेल गळून गेल्यावर इंजिन चालू ठेवणे म्हणजे त्याचा घात करणे होय.

उतार मात्र चढणीपेक्षा फसवा. नवशिक्या माणूस ब्रेकवर पाय ठेवून दरीत उतरू लागतो. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करून टाकणारे यंत्र. ते सतत दाबून ठेवले, तर उष्णता साठत जाते, घर्षणाच्या पट्ट्यांची पकड सुटते, आणि ब्रेकच्या नळीतील द्रव उकळून त्याची वाफ झाली तर पायाखालची पट्टी पोकळ लागते. वाफ दाबली जाते, जोर चाकापर्यंत जातच नाही. म्हणून जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, तो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या घाटड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा. इंजिनच गाडीला रोखून धरते. ब्रेक अधूनमधून, थोडा थोडा लावावयाचा. पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून उतार उतरणाऱ्यांची एक जात असते. तिच्याविषयी काही न बोललेले बरे.

अरुंद वाटेवर समोरून मोटार आली तर कोणी थांबावे? भारतातील वाहतुकीचा नियम असा आहे की, डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या सुखाने जाण्याइतकी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. कारण उघड आहे. चढणीवर थांबलेली गाडी पुन्हा हलविणे कठीण, आणि मागे घसरली तर तिच्या मागे दरी असते. नियम फार थोड्यांना ठाऊक असतो आणि त्याहून थोडे तो पाळतात.

सपाटीवरही मातीच्या वाटेचे आपले असे रंग आहेत. बैलगाड्यांची धाव एकाच रेषेत पडून पडून ज्या खोल खाचा होतात, त्यांना 'चाकोरी' म्हणतात. भाषेत चाकोरीला वाईट अर्थ आला आहे. वाटेवर तो पुरता खरा ठरतो. मोटारीच्या चाकांमधील अंतर चाकोरीच्या अंतराशी जुळत नाही. एक चाक खाचेत, दुसरे वरंब्यावर, अशी ती तिरकी धावते. अशा वेळी दोन्ही चाके खाचांबाहेर, उंचवट्यांवर ठेवून जाणे हिताचे. कोरड्या वाटेवर आणखी एक चमत्कार दिसतो. जमिनीवर आडव्या, सारख्या अंतराच्या लाटा उठलेल्या असतात आणि मोटार खडखडू लागते. चाक एका उंचवट्यावरून उडाले, की पुढे आपटून माती सारते, पुढचे चाक तेथेच उडते, आणि असे करता करता लाटांची ओळ तयार होते. वेग कमी असला तर त्या उठतच नाहीत. म्हणजे हा उपद्रव घाई करणाऱ्यांनीच मागून येणाऱ्यांसाठी करून ठेवलेला असतो.

ओढ्याची गोष्ट सर्वांत गंभीर. पाणी गढूळ असेल तर तळ दिसत नाही. एकाने उतरून, काठी टेकीत, पाणी वाहत नसल्याची खात्री करून आधी पायी ओलांडावे; ज्या पाण्यात माणसाला पाय रोवता येत नाही, त्यात मोटार घालू नये. फूटभर खोल वाहते पाणी लहान मोटारीला तरंगविण्यास पुरे होते, आणि तरंगलेल्या मोटारीला सुकाणू नसते. पाणी इंजिनाच्या श्वासनळीत शिरले, तर सिलिंडरात दाबले न जाणारे पाणी सापडून आतील दांडा वाकतो. त्यामुळे बंद पडलेली मोटार पाण्यातच पुन्हा सुरू करू पाहणे हा शेवटचा प्रमाद होय. पाऊस सुरू झाला की मातीचा चिखल होतो, मोटारी रुततात, आणि त्यांच्या चाकांनी केलेल्या खड्ड्यांतून पुढचे पाणी वाहून वाट आणखी खचते. त्यामुळे पावसाळ्यात ही वाट मोटारींस मोकळी आहे की नाही, याची लोणावळ्यात चौकशी करूनच निघावे.

उधेवाडीकडे सहलीचे ठिकाण म्हणून पाहणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. त्याला वाटेची धूळ आणि धक्के हा आनंदाचा भाग वाटतो, आणि डांबर पडले तर मौज गेली असे तो म्हणतो. गावातील माणसाला तीच वाट दवाखान्याची, बाजाराची आणि शाळेची. अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला गुराखी घेऊन पावसात लोणावळा गाठावयाचे, तर वाटेवरचा प्रत्येक खड्डा तास खातो. वाट पक्की व्हावी असे गावाने म्हटले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींना नाही. उलट हेही खरे की, रस्ता सोपा झाला म्हणजे मोटारींची रीघ लागते, आणि तिच्याबरोबर बाटल्या, कर्णे आणि झगझगीत दिवे येतात. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आसपास, राजमाचीच्या रानात काजव्यांचे थवे दिसतात. नर काजवा आपल्या लुकलुकीने मादीला खूण करीत असतो. मोटारीच्या प्रखर दिव्यात ती खूण तिला दिसत नाही, आणि जोडी जमण्याचे ते थोडे दिवस वाया जातात. काजवे पाहण्यासाठी आलेल्यांच्या गर्दीनेच काजव्यांचे नुकसान व्हावे, हा दैवदुर्विलास होय. मोटार गावाबाहेर ठेवून, दिवे मालवून, शेवटचा टप्पा चालत जाणे इतकी सोपी गोष्ट करण्यास पैसा लागत नाही.

मोटारीचा लोभ सुटेल त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. पनवेलहून कर्जत, तेथून कोंदिवडे, आणि पुढे कोंढाण्याच्या प्राचीन बौद्ध लेण्यांवरून रानातून चढणारी पायवाट राजमाचीच्या माचीवर येते. ती चढण छातीवर येते, तीन तासांच्या आसपास लागतात, आणि तिच्यावर चाक आजवर गेलेले नाही. लेण्यांसमोर उल्हासची दरी खालून पाहिली, म्हणजे वरच्या वाटेवरून मोटारीत बसून जे दिसले ते किती थोडे होते, हे ध्यानात येते. जाताना पाणी भरपूर घ्यावे. उन्हाळ्यात मधले झरे आटलेले असतात.