रात्रीच्या विमानाचा आवाज थेट हृदयापर्यंत?

झोपेत आवाजाचा कसला त्रास, असं वाटतं ना? स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे संशोधक मार्टिन रोसली यांच्या टीमने झ्युरिक विमानतळाच्या परिसरातले, 2000 ते 2015 दरम्यान हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेले 24,886 मृत्यू तपासले.

मृत्यूच्या आधीच्या दोन तासांत घराजवळ विमानांचा आवाज किती होता आणि इतर दिवशी त्याच वेळी किती असायचा, याची तुलना केली. माणूस तोच, फक्त दिवस वेगळा. त्यामुळे वय, सिगारेट, पगार हे मुद्दे आपोआप बाजूला पडतात. इथेच या अभ्यासाची खरी ताकद आहे.

रात्री 40 ते 50 डेसिबल आवाजाला धोका 33 टक्क्यांनी जास्त दिसला, सर्वाधिक आवाजाच्या गटात 44 टक्क्यांनी. आकडे बघून घाबरू नका, अशा एकूण मृत्यूंपैकी साधारण 3 टक्क्यांचाच संबंध आवाजाशी लागतो. पण एरवी शांत असलेल्या भागात परिणाम जास्त होता. कारण आपण झोपलो तरी कान जागेच असतात. अचानक आवाज झाला की स्ट्रेस हार्मोन्स आणि ब्लड प्रेशर वाढतं.

आणि मोबाईलचं रेडिएशन? 2018 मध्ये रोसलींच्याच टीमने सुमारे 700 स्विस किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. फोन कानाला लावून बोलल्याने आकृत्या लक्षात ठेवण्याच्या क्षमतेवर परिणाम होत असावा, असे संकेत मिळाले. मेसेज आणि गेमिंगचा मात्र तसा संबंध दिसला नाही.