पश्चिम आफ्रिकेचं गाइडबुक घेताय? आधी त्याचं 'व्हर्जन' तपासा

घाना, सेनेगल, गाम्बिया... रील्स बघून बऱ्याच जणांना आता पश्चिम आफ्रिकेला जावंसं वाटतंय. पण पॅरिस किंवा बालीसारखी मराठीतली माहिती इथली मिळत नाही, म्हणून गाइडबुक लागतंच. ऑनलाइन दुकानात शोधलं तर डझनभर पुस्तकं दिसतात. त्यातलं खरं कामाचं कोणतं?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे गाइडबुककडेही ॲपसारखंच बघतो: शेवटचं अपडेट कधी झालं आणि ते कोणी केलं?

तारीख बघा, पण कव्हरवरची नाही

ई-बुकचं फुकट सॅम्पल डाउनलोड करा आणि कॉपीराइटचं पान उघडा. 'पुनर्मुद्रण' म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला, 'नवी आवृत्ती' म्हणजे मजकूर तपासलेला. नामांकित प्रकाशकाचं पुस्तकही जुनं पडतं. लोनली प्लॅनेटच्या 'वेस्ट आफ्रिका'ची नववी आवृत्ती २०१७ ची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेनेगलच्या राजधानीचा, म्हणजे डकारचा, विमानतळच बदलला!

तीन प्रश्नांची टेस्ट

सॅम्पलमध्ये किंवा 'सर्च'मध्ये ही उत्तरं शोधा:

१. डकारला विमान कुठे उतरतं? ब्लेझ डियान्य विमानतळावर, शहरापासून साधारण ४५-५० किलोमीटर लांब. पुस्तकात शहरातलाच जुना सेंघोर विमानतळ असेल, तर रात्री उतरल्यावर टॅक्सीचं सगळं गणित चुकेल.

२. गाम्बिया नदी कशी ओलांडायची? फाराफेनीजवळ जानेवारी २०१९ मध्ये पूल सुरू झाला. फक्त फेरीबोटीच्या रांगेचं वर्णन असेल, तर मजकूर त्याआधीचा आहे.

३. यलो फीव्हरचं सर्टिफिकेट किती वर्षं चालतं? जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध धरलं जातं. 'दहा वर्षं' लिहिलेलं असेल, तर पुस्तक त्याआधीचं आहे किंवा कोणी नीट तपासलेलं नाही.

तिसरा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. लस घेतल्यावर सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर घानात प्रवेशालाच अडचण. शिवाय यलो फीव्हर असलेल्या देशातून भारतात परतताना ते नसेल, तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. परदेशी वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ही परतीची अट बहुधा नसतेच. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची.

नवीन तारीख म्हणजे भरवसा नव्हे

इथे खरी गोम आहे. २०२३ पासून एआयने लिहिलेली गाइडबुकं ऑनलाइन दुकानांत भरमसाट आली आहेत. त्यांची तारीख एकदम ताजी असते आणि कव्हरही चकाचक. ओळखायची कशी?

- लेखकाचं नाव सर्च करा. मुलाखत, लेख, जुनं पुस्तक काहीच सापडत नाही, पण त्याच नावावर दोन महिन्यांत वीस देशांची पुस्तकं? सोडून द्या.
- रिव्ह्यू बघा. सगळे पंचतारांकित आणि सगळे एकाच आठवड्यातले असतील तर संशय घ्या.
- वाक्यं बघा. 'इथला बाजार रंगीबेरंगी आहे' हे घरबसल्या लिहिता येतं. घानातली ट्रोट्रो, म्हणजे तिथली वडाप, कोणत्या स्टँडवरून सुटते आणि भरल्याशिवाय हलत नाही, हे तिथे गेलेलाच सांगतो.

ब्रॅडसारखे प्रकाशक घाना, सेनेगल, गाम्बिया यांची वेगवेगळी पुस्तकं काढतात आणि लेखकाचं नाव, अनुभव उघड सांगतात. एकाच देशाला जाणार असाल तर सगळ्या प्रदेशाच्या जाडजूड पुस्तकापेक्षा असं पुस्तक जास्त उपयोगी. मात्र वरची टेस्ट त्यालाही लावाच.

पुस्तकावर काय सोडायचं, फोनवर काय?

इतिहास, चालीरीती, कोणत्या भागात काय बघायचं यासाठी पुस्तक चांगलं. व्हिसा, सुरक्षितता, भाडं या गोष्टी पटापट बदलतात. व्हिसाचे नियम त्या देशाच्या दूतावासाकडूनच घ्या, कारण पुस्तकातले बहुतेक ब्रिटिश-अमेरिकन पासपोर्टसाठी असतात. निघण्याआधी ऑरगॅनिक मॅप्समध्ये नकाशा आणि गूगल ट्रान्सलेटमध्ये फ्रेंच डाउनलोड करून ठेवा. सेनेगलमध्ये सरकारी कामकाज फ्रेंचमध्येच चालतं.

सॅम्पल फुकट आहे आणि टेस्टला दहा मिनिटं लागतात. तीनपैकी एक जरी उत्तर चुकीचं निघालं, तरी ते पुस्तक कार्टमधून काढा.