ॲव्हरेज किती देते?

सकाळी साडेसहा. एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीच्या बसगाड्या पुढं निघून गेल्या की भिगवण रस्त्यावर मोठे ट्रेलर दिसायला लागतात. त्यातल्या काहींच्या पोटात नव्याकोऱ्या तीनचाकी असतात. पियाजिओची ॲपे बारामतीतून बाहेर पडायला लागली १९९९ साली, तेव्हा ग्रीव्ह्जची भागीदारी होती. पुढं भागीदारी संपली, कारखाना वाढत गेला आणि २०१२ पासून व्हेस्पाही इथंच बनायला लागली. त्यामुळं तीनचाकीच्या बाबतीत बारामतीचा माणूस जरा जादाच जाणकार. ज्याच्या घरातलं कुणी लाइनवर नाही, त्याचा मेहुणा तरी असतो. म्हणून माझ्या गॅरेजला येणारं गिऱ्हाईक दुखणं सांगत नाही, निदानच सांगतं.

साडेसात. क्लचची वायर, एक ऑइल बदली, एक हॉर्न. यात सांगण्यासारखं काही नाही.

सव्वाआठ. लासुर्ण्याकडचा एक पोरगा मालाची गाडी घेऊन आला. डिझेल, बीएस-सहा, घेऊन वर्षही झालेलं नाही. उतरता उतरताच म्हणाला, “काय ओ मिस्त्री, ह्याला नवं इंजिन म्हणायचं का? ॲव्हरेजच देईना!” कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण हेच वाक्य मी सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांबद्दल ऐकलं आहे. विकणाऱ्यानं चाळीस सांगितलं होतं, पडतंय चोवीस.

“मोजलंस कसं?”

“दोनशेचं टाकलं, काटा खाली येस्तोवर पळवली.”

आमच्याकडं निम्मी ॲव्हरेज अशीच निघतात. या गाडीची टाकी दहा लिटरच्या आसपास. दोनशे रुपयांत सव्वादोन लिटर येतं. काटा एका खड्ड्यात वर, दुसऱ्यात खाली. त्यात पाव लिटरची चूक धरली तर दर शंभर किलोमीटरला दहा-बारा किलोमीटर इकडचे तिकडं झाले. खरं मोजायचं तर एकाच पंपावर, एकाच नोझलनं, पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंत टाकी भरायची, निदान शंभर किलोमीटर चालवायची आणि परत तिथंच तशीच भरायची. हे सांगितलं की गिऱ्हाईक मान हलवतं आणि पुढच्या महिन्यात परत दोनशेच्या हिशेबानंच येतं. याला मात्र म्हटलं, तू इंदापूरला चाललाच आहेस, मी येतो. गॅरेज पोऱ्या बघेल.

नऊ. निघण्याआधी गाडी जॅकवर घेतली. मागचं डावं चाक हातानं फिरवलं तर पुरता एक फेराही मारेना, अर्ध्यातच थांबलं. उजवं चांगले तीन फेरे फिरलं. ड्रम काढला. ब्रेक शू एका बाजूनं काचेसारखा गुळगुळीत झालेला, ड्रमच्या आत निळसर पट्टा, म्हणजे तापून तापून लोखंडाचा रंग फिरलेला. हँडब्रेकची केबल कुणीतरी नको इतकी ताणून ठेवली होती. गाडी सुटली की ब्रेक थोडासा लागलेलाच राहायचा आणि इंजिन दिवसभर त्या ब्रेकशी भांडत बसायचं. केबल ढिली केली, शू घासले, ॲडजस्ट केले. चाक फिरायला लागलं. मग हवा. मागच्या दोन्ही टायरांत पाटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी. “कडक टायरला गाडी उडती,” हे त्याचं उत्तर. उडते हे खरं. पण मऊ टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, उठतो, गरम होतो आणि ती गरमी डिझेलमधूनच येते.

इथं नव्या इंजिनाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण सगळा राग त्याच्यावर असतो. जुन्या डिझेल तीनचाकीत एकच सिलिंडर, चारशे-साडेचारशे सीसी, सगळं मेकॅनिकल. पंपाचा स्क्रू फिरवला की गाडी ओढायला लागायची आणि मागून काळा ढग. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत पन्नास भागांवरून दहावर आलं, इंजिनाला इलेक्ट्रॉनिक मेंदू लागला, सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट आला. ॲपेचं डिझेल इंजिन त्या वेळी ५९९ सीसी झालं. ते ऐकून लोक दोन टोकाच्या गोष्टी बोलतात. कुणी म्हणतो इंजिन मोठं, म्हणजे जास्त पिणार. कुणी म्हणतो नवं तंत्र, म्हणजे जुन्यापेक्षा दहा तरी जास्त देणार. दोघंही चुकतात. डिझेल इंजिनात हवा अडवायला पडदा नसतो. जेवढं काम तेवढं तेल आत जातं. त्यामुळं इंजिन मोठं असलं तरी हलक्या कामाला फार जास्त पीत नाही, घर्षणाचं तेवढं वाढतं. उलट कमी फेऱ्यांत जोर मिळाला तर वरच्या गिअरवर गाडी जास्त वेळ राहते, तिथं थोडं वाचतं. पण नियम बदलले ते धुरासाठी. लिटरमागं दहा किलोमीटर वाढवून द्यायचं वचन त्यात कुणी दिलेलं नाही.

साडेदहा. गाडीत इंदापूरच्या बाजूला द्यायची पशुखाद्याची चौदा पोती होती, पन्नास किलोची. म्हणजे सातशे किलो. असल्या गाडीला कागदावर पाचशे किलोच्या आसपास माल मंजूर असतो. चार पोती गॅरेजमध्ये उतरवून घेतली. त्याचं तोंड वाकडं झालं. “ही चार काय तुम्ही डोक्यावर नेणार का?” उद्या ने म्हटलं. पंपावर टाकी भरली, किलोमीटर हातावर लिहून घेतले आणि निघालो.

पिंपळी, लिमटेक, काटेवाडी. तुकोबांच्या पालखीची हीच वाट; काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं ते इथंच. आता रस्ता रुंद झालाय आणि रुंद रस्त्याचा पहिला परिणाम म्हणजे प्रत्येक तीनचाकीवाल्याला आपण ट्रकच्या बरोबरीनं पळू शकतो असं वाटतं. पोरगा पंचावन्नवर गेला. मी म्हटलं, चाळीस-बेचाळीसवर ये. या गाडीचं तोंड बघा: सपाट काच, चौकोनी हुड, मागं फडफडणारी ताडपत्री. चाळीसपर्यंत इंजिनाची बरीचशी ताकद वजन आणि टायर खातात. त्याच्या पुढं वारा खायला लागतो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. पंचावन्नवर गेल्यानं इंदापूरला पोचायला वीसेक मिनिटं वाचतील, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर.

आणि मोकळा नव्हताच. भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. छत्रपती कारखान्याचा हंगाम. दुसऱ्या गिअरवर, मग पहिल्या, मग थांबा, मग परत दुसऱ्या. एका ट्रॉलीतून मोळी निसटून रस्त्यावर पडली, ती उचलेपर्यंत आम्ही उभे. पोरानं इंजिन चालूच ठेवलं होतं. मी हात लांब करून बंद केलं. तो दचकलाच. “परत चालू नाही झालं तर?” ही भीती जुन्या गाडीची आहे. त्याच्या चुलत्यांची गाडी उतारावर लावावी लागायची, तिथून ही सवय आली.

बारा. सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन. लासुर्ण्यात त्याच्या घरी पाच मिनिटं थांबलो, चहा झाला. चुलते बाहेर बाजेवर बसले होते. त्यांनी सुरुवातच केली, “आमच्या गाडीत शंभराचं डिझेल टाकलं की बारामतीहून इंदापूरला जाऊन माघारी. दोन वेळचं जेवण गाडीत बसून खाल्लं पण पंपावर गेलो नाही.” मी विचारलं, “तात्या, तेव्हा डिझेल काय भाव होतं?” पस्तीसच्या आसपास, म्हणाले. म्हणजे शंभरात पावणेतीन-तीन लिटर. इंदापूरची जा-ये शंभर किलोमीटर. म्हणजे लिटरला चौतीस-पस्तीस, आणि तेही रिकाम्या रस्त्यावर, पाच-सहा पोत्यांवर. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं नाही. शंभर रुपये हा आकडा त्यांच्या डोक्यात कायमचा बसलाय आणि पुतण्याला आता तीनशे लागतात. डिझेल नव्वदवर गेलं यात इंजिनाचा काय दोष? पण हे पटवायला एक चहा पुरत नाही.

एक. अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. माल उतरवला, जेवलो. जेवताना त्यानं विचारलं, मग कंपनीचा चाळीसचा आकडा येतो कुठून? तो खोटा नसतो, फक्त रस्त्यावरचा नसतो. पुण्यात कोथरूडच्या टेकडीला लागून गाड्यांची चाचणी करणारी ‘ॲराय’ ही संस्था आहे, १९६६ पासूनची. अशा चाचणीत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या चक्रानं पळवतात. आपल्या देशातल्या त्या चक्राची एक फेरी १०८ सेकंदांची: त्यातली १६ सेकंद गाडी नुसती उभी, बाकी वेळ वेग वर-खाली, जास्तीत जास्त ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२ च्या आसपास. अशा सहा फेऱ्या. म्हणजे साधारण चार किलोमीटर, अकरा मिनिटांत. मागून निघालेला धूर गोळा करून तपासतात आणि धुरातल्या कार्बनवरून इंधन किती जळलं ते निघतं. सगळ्या गाड्यांना एकच माप, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला ते चांगलं. पण त्या रोलरवर उसाची ट्रॉली नसते, चौदा पोती नसतात आणि हँडब्रेक ओढलेला नसतो. पोरगा म्हणाला, “मग आमच्या रस्त्यावर का नाही मोजत?” प्रश्न बरोबर आहे. पण आमचा रस्ता ऑक्टोबरमध्ये एक असतो, डिसेंबरात दुसरा, आषाढात तिसरा.

अडीच. येताना निमगाव केतकीहून बाजारात द्यायच्या विड्याच्या पानांच्या टोपल्या घेतल्या. हलका माल. सावलीत लावून, ओलं फडकं टाकून. पानवाला दहा मिनिटं गप्पा मारत होता. या वेळी पोरानं इंजिन आपणहून बंद केलं.

साडेचार. बारामती. सीएनजीच्या पंपावर रिक्षांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. रांगेतला एक ओळखीचा म्हणाला, “मिस्त्री, आमच्या गॅसला डिझेलपेक्षा जास्त पडतं, लिहून घ्या.” त्याचं खरं आहे आणि नाहीही. तो किलोला मोजतो, हा लिटरला. एक किलो सीएनजीत एक लिटर डिझेलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त ऊर्जा असते, तेव्हा नुसते आकडे शेजारी ठेवून काही उपयोग नाही. रुपयाला किती किलोमीटर, एवढंच विचारावं. आणि गॅसच्या इंजिनाला हवेचा पडदा असतो, त्यामुळं स्टँडवर पॅसेंजरची वाट बघत गुरगुरत उभं राहणं त्याला डिझेलपेक्षा जास्त महागात जातं. वर रांगेतला तास. तो कुठल्याच ॲव्हरेजमध्ये धरत नाहीत. घाईत भरलेला गॅस सिलिंडरमध्ये तापतो, दाब दोनशेवर जातो पण वजनानं कमी बसतो. म्हणून शहाणे रिक्षावाले पहाटे भरतात.

पाच. आमचा पंप, तेच नोझल. पहिल्यांदा बंद झालं तिथं थांबलो. पंपावरचा मुलगा सवयीनं अजून थोडं ठोकायला निघाला होता, त्याला थांबवलं. एकशे दोन किलोमीटर, सव्वातीन लिटर. लिटरला एकतीस आणि वर थोडं.

पोरगा खूश झाला नाही. चाळीस डोक्यात असलेल्याला एकतीस म्हणजे नऊ कमी. चोवीसपेक्षा सात जास्त, हे मी सांगितल्यावर त्यानं मोबाइल काढून हिशेब केला. आधी किलोमीटरला पावणेचार रुपये पडत होते, आता दोन रुपये सत्त्याऐंशी पैसे. शंभर किलोमीटरला अठ्ठ्याऐंशी रुपये वाचले. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “पोत्याला वीस रुपये भाडं हाय. चार पोती तुम्ही उतरवली. ऐंशी गेले.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणजे सोपं नव्हतं. ब्रेक सुटला, हवा बसली, वेग आणि उभ्या इंजिनाचा खर्च आवरला, त्यात फायद्याचा मोठा वाटा आहे. चार पोत्यांचा वाटा बहुधा पंधरा-वीस रुपयांचाच. म्हणजे त्याच्या हिशेबानं जादा भरणंच परवडतं आणि रोजच्या रोज बघितलं तर तो हिशेब चुकीचा नाही. तीनचाकीवाले अडाणी म्हणून जादा भरतात असं जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब कधी मांडलेला नसतो. मी त्याला मागचे टायर आणि बेअरिंगचे दर सांगितले, पोलिसांची पावती सांगितली, आणि सातशे किलो घेऊन उतारावर ब्रेक दाबला तर गाडी कुठवर जाऊन थांबते तेही सांगितलं. शेवटचं त्याला पटलं असावं, कारण सकाळचा तो निळा पडलेला ड्रम त्यानं बघितला होता.

“बारा नेऊ?” म्हणाला.

“दहा.”

“अकरा,” असं म्हणून तो उतरवलेल्या चारातलं एक पोतं उचलायला गेला. मी त्याच्या सर्व्हिस कार्डावर किलोमीटर, लिटर आणि ब्रेकचं काम लिहिलं, मजुरी दोनशे घेतली आणि केबल पुन्हा ताणू नकोस म्हणून बजावलं. आत पोऱ्यानं तोवर एका सीएनजी रिक्षाचा प्लग उघडून ठेवला होता. तिच्या मालकाचीही तक्रार तीच.