बाळ हाकेला वळत नाही, म्हणून आईला दोष देऊ नका

आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तरुण भगिनी आम्हाला भेटली. कडेवर दीड वर्षाचे बाळ. हाक मारली तर वळत नाही, टाळी वाजवली तर दचकत नाही. घरात मात्र एकच घोषा, ‘ग्रहणात भाजी चिरलीस, त्याचेच हे फळ!’ भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि मनात ग्रहणाची भीती. आम्हाला फार वाईट वाटले.

बंधू-भगिनींनो, जन्मतः बहिरेपणाची कारणे अनेक आहेत. त्यातले एक सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो नावाचा विषाणू. हा कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला. लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून पसरतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही. मात्र गरोदरपणी पहिल्यांदाच लागण झाली तर १०० पैकी ३० ते ४० वेळा तो गर्भापर्यंत पोहोचतो. आधी होऊन गेला असल्यास धोका पुष्कळ कमी, पण संपत नाही.

लागण झालेल्या १० पैकी सुमारे ९ बाळे जन्मतः धडधाकट दिसतात. बाकीच्यांत कावीळ, लहान डोके, कमी वजन अशी लक्षणे असतात. धडधाकट दिसणाऱ्यांपैकीही काहींचे ऐकणे पुढे कमी होते.

यावर लस अजून नाही. म्हणून गरोदर भगिनींनी मुलाचे लंगोट बदलल्यावर, नाक पुसल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलाचे उष्टे खाऊ नये. बाळाची लघवी किंवा लाळ २१ दिवसांच्या आत तपासली तरच जन्माआधीची लागण खात्रीने कळते. आजारी बाळाला पहिल्या महिन्यातच औषध सुरू करता येते, ते डॉक्टर ठरवतात. कानांची तपासणीही पहिल्या महिन्यातच करावी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. आशाताईंना विचारा.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेची बाजू मांडली. गरोदर बाईची काळजी ही साऱ्या समाजाची जबाबदारी, हे त्यांनी ओळखले होते. आणि आपण तिलाच आरोपी करायचे?

त्या बाळाचे २१ दिवस केव्हाच सरले होते. त्यामुळे नेमके कारण आता सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण ग्रहण हे कारण नाही, एवढे त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितले. बाळाला आता कानाचे यंत्र बसले आहे. दर आठवड्याला बोलण्याच्या शिकवणीला सासूबाईच नेतात.