कलम ३२ आणि मेथीची जुडी

बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय इतिहास सहसा १९२४ पासून सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीत सापडलेल्या मुलांसाठी झटणाऱ्या एग्लंटाइन जेब यांनी पाच कलमांचा जाहीरनामा लिहिला आणि राष्ट्रसंघाने तो जिनिव्हात स्वीकारला. पुण्यात हा विषय बेचाळीस वर्षे आधीच निघाला होता. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्याच सुमारास नगरपालिकेने भाजीबाजारासाठी भव्य इमारत बांधायला घेतली. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, म्हणून फुल्यांनी विरोध केला. इमारत झालीच. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या त्या अष्टकोनी वास्तूला पुढे नाव लागले ते विरोध करणाऱ्याचेच: महात्मा फुले मंडई. सक्तीच्या शिक्षणाचे गोपाळ कृष्ण गोखल्यांचे १९११ चे विधेयकही पुढल्याच वर्षी फेटाळले गेले.

जिनिव्हाच्या जाहीरनाम्यात मूल हे घेणारे आणि मोठी माणसे देणारी. संयुक्त राष्ट्रांच्या १९५९ च्या जाहीरनाम्यात दहा तत्त्वे होती, पण ती पाळण्याची सक्ती कोणावरच नव्हती. खरा फरक पडला तो संयुक्त राष्ट्रांच्याच २० नोव्हेंबर १९८९ च्या बालहक्क करारामुळे. त्याच्या ५४ कलमांत मूल स्वतःच हक्कदार झाले. त्याच्याविषयी निर्णय घेताना त्याचे म्हणणे ऐकण्याचे बंधनही आले. करारात सामील झालेल्या राष्ट्राला ठरावीक काळाने अहवाल द्यावा लागतो. अमेरिकेने मात्र तो अजून मंजूर केलेला नाही.

भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला, पण कलम ३२ बाबत हात राखून. हे कलम मुलांच्या श्रमाचे. प्रत्येक क्षेत्रात कामाचे किमान वय तातडीने ठरवणे व्यवहार्य नाही, असे भारताने नोंदवले.

या अडचणीचा अर्थ मंडईतल्या गाळ्यावर चटकन कळतो. शाळा सुटल्यावर दहा वर्षांची मुलगी आईशेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधते, त्यांवर पाणी शिंपडते, गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देते. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या बिनधोक धंद्याला हातभार लावण्याची मुभा ठेवली. तीच मुलगी परक्याच्या गाळ्यावर मजुरीने बसली, की तेच काम गुन्हा ठरते आणि शिक्षा होते मालकाला. पाहणाऱ्याला मात्र दोन्हीकडे जुडी बांधणारे हात सारखेच दिसतात. कायद्याची ही फट फारच सोयीची आहे.

२०१७ मध्ये भारताने किमान वयाचा आणि बालश्रमाच्या अतिवाईट प्रकारांविरुद्धचा, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन्ही करार मंजूर केले. सक्तीचे शिक्षण त्याआधीच, १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयासाठी लागू झाले होते. चौदा पूर्ण झाली की कायदा मुलाला ‘किशोर’ म्हणतो. १९८९ च्या करारानुसार अठरापर्यंत बालकच असलेला पंधरा वर्षांचा मुलगा मंडईत कोणाच्याही गाळ्यावर रीतसर नोकरी धरू शकतो. काम तेवढे धोक्याचे नसावे.